दारू आणि ट्रामाडॉल नुकतंच सोडलंय आणि ऑपरेशन तोंडावर आलंय: पूर्ण भूल द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे ज्यांच्या घरात अशीच वेळ आली आहे त्यांनाही उत्तर उपयोगी पडेल. तुमचा भाऊ ३६ वर्षांचा. रोज रात्रीची दारू, शिवाय पाठदुखीसाठी सुरू झालेल्या ट्रामाडॉलच्या कॅप्सूल वाढत वाढत दिवसाला आठ-दहावर गेलेल्या. परवा रात्री त्याने दोन्ही एकदम बंद केलं. आता हात थरथरतात, घाम फुटतो, सारख्या जांभया येतात, नाक गळतं, जुलाब होतात, झोप नाही. पित्ताशयात खडे आहेत, पोटातलं दुखणं वाढलंय आणि दोन दिवसांनी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. सर्जनना व्यसनाचं काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही विचारता की पूर्ण भूल त्याला झेपेल का, तो नीट शुद्धीवर येईल का, ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या औषधांनी व्यसन पुन्हा लागेल का. आणि ओळखीतल्या कोणी सांगितलं तसं, भुलीतच व्यसनही सोडवून घेता येईल का.

पुढचं वाचण्याआधी सर्जनना फोन करा. दोन वाक्यं पुरेत: रोज दारू आणि ट्रामाडॉल घेत होता, परवा रात्रीपासून दोन्ही बंद आहे आणि त्रास सुरू झालाय. ऑपरेशनच्या सकाळपर्यंत थांबू नका. त्याला आजच दाखल करून घेणं योग्य ठरेल असं मला वाटतं. दरम्यान आकडी आली, तो असंबद्ध बोलू लागला, नसलेली माणसं किंवा किडे दिसू लागले, ताप चढला, तर १०८ ला फोन करून थेट आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या.

एवढी घाई करायला सांगते आहे ती दारूमुळे. ट्रामाडॉल तुटल्याचा त्रास माणसाला नकोसा करून सोडतो, पण तरुण माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही, त्यातून आकडी येण्याचा धोका मात्र असतो. दारू अचानक तुटणं जिवावर बेतू शकतं. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि उत्तेजित करणारीला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाशी जुळवून घेतो, आणि दारू एकाएकी थांबली की उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या पेगानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. आकडीचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना तो गंभीर प्रकार होतो ज्याला आम्ही डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतो: भ्रम, भास, ताप, प्रचंड वाढलेला रक्तदाब आणि नाडी. आता तुमच्या तारखा मांडून बघा. परवा रात्री बंद, आणि दोन दिवसांनी ऑपरेशन. म्हणजे टेबलवर तो नेमका चौथ्या दिवशी येणार, आणि ऑपरेशननंतरची पहिली रात्रही त्याच काळात पडणार. ही तारीख ठरवणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने ती ठरवलीच नसती.

घरी दोन गोष्टी करू नका. थरथर थांबावी म्हणून थोडी दारू पाजू नका. दाखल केल्यावर त्याच्यासाठी लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं आहेत, ती लक्षणं मोजून कमी-जास्त करता येतात, आणि भूल द्यायच्या आधी पोटात दारू असणं आम्हा भूलतज्ज्ञांना मुळीच नको असतं. दुसरं, अशक्तपणा आला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून आणू नका. सतत पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी असतं. त्याच्याशिवाय नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि ती कधी कधी भरून येत नाही. थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा निदान सोबत जायला हवं. दारू पिणारा आहे हे न सांगता घेतलेली सलाईन म्हणूनच मला नेहमी धास्तावते.

आता भुलीबद्दल. भूल झेपेल का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की झेपवता येते. अपघातात फाटलेली प्लीहा, फुटलेलं अपेंडिक्स, डोक्यातला रक्तस्राव, अशा वेळी विड्रॉल, म्हणजे व्यसन तुटल्यावर होणारा त्रास, पूर्ण उतरायची वाट बघता येत नाही, आणि आम्ही त्या अवस्थेतही भूल देतो. भूल देणाऱ्याला माहीत असेल आणि तयारी करता आली असेल तर बहुतेक जण पार पडतात. अडचण तेव्हा होते जेव्हा समोरच्या माणसाच्या शरीरात काय चाललंय हे आम्हाला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

ते का, हे जरा खोलात सांगते, कारण नातेवाइकांना हा भाग कुणी सांगत नाही. ऑपरेशन चालू असताना रुग्ण बोलू शकत नाही. भूल पुरेशी खोल आहे की उथळ झाली, हे आम्ही नाडी, रक्तदाब, घाम, डोळ्यांतलं पाणी, बाहुल्यांचा आकार अशा खुणांवरून ताडतो. ट्रामाडॉल, ब्राउन शुगर किंवा तत्सम कोणतंही अफूवर्गीय औषध तुटलं की नेमक्या याच खुणा दिसतात: नाडी वाढलेली, रक्तदाब वर, डोळे वाहतात, बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा. दारू तुटल्यावरही जवळपास तेच. माहिती नसलेला भूलतज्ज्ञ या खुणा बघून भूल वाढवत जाईल, किंवा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, थायरॉइड अशा दुसऱ्याच दिशेला शोध घेत बसेल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रोज पिणाऱ्याला भुलीचं औषध नेहमीच्या माणसापेक्षा जास्त लागतं, अफूवर्गीय औषधांची सवय असलेल्याला फेंटानिलसारखं वेदनाशामकही जास्त लागतं. नेहमीच्या मात्रेवर थांबलं तर स्नायू शिथिल झालेले, हलता येत नाही, पण आत जाण आहे, अशी भयंकर अवस्था होऊ शकते. माहीत असेल तर श्वासातल्या भुलीच्या वायूचं प्रमाण सतत मोजून, आणि जिथे उपलब्ध असेल तिथे मेंदूच्या लहरी दाखवणारा मॉनिटर लावून हे टाळता येतं.

त्याच्या पोटाचाही प्रश्न आहे. साधारणपणे हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास गेले की पोट रिकामं धरतात. अफूवर्गीय औषधं घेणाऱ्याचं जठर हळू रिकामं होतं, पित्ताशय सुजलेलं असेल तर आणखी हळू. उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो, म्हणून अशा रुग्णाला भूल देताना श्वासनलिकेत नळी झटपट टाकायची वेगळी पद्धत वापरतात. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलेलं असतं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरलेलं असतं. ते भरून न काढता भूल दिली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यकृताच्या तपासण्या आणि रक्त गोठण्याची चाचणीही हवीच. हे सगळं एका दिवसात करता येतं, पण त्याला एक दिवस द्यावा लागतो.

म्हणूनच भूलतज्ज्ञाला आधी भेटण्याचा आग्रह धरा. आपल्याकडे लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आणि बऱ्याचदा रुग्णाची पहिली भेट ओटीच्या दारातच होते. त्या दोन मिनिटांत, हिरवा गाऊन घातलेला, शेजारी वडील किंवा बायको उभी, तो माणूस 'काही व्यसन?' या प्रश्नाला 'नाही' असंच म्हणणार. मी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगून एकट्याला विचारते, आणि 'पिता का?' असं न विचारता 'शेवटची कधी घेतली?' असं विचारते. तुम्ही आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला भेटायचंय असं सांगा. भावालाही एकट्याने बोलू द्या, त्याने तुमच्यापासूनही काही लपवलं असू शकतं. दारूसोबत झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, गांजा, एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर), काहीही. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. एमडी किंवा तत्सम उत्तेजक औषध अंगात असताना भूल दिली तर हृदयाची लय बिघडायचा धोका असतो, आणि ते सोडल्यावर माणूस उलट गळून झोपाळू होतो, भूल कमी लागते. गांजा ओढणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागतं, सोडल्यावर चिडचिड आणि निद्रानाश होतो, पण त्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलायची वेळ सहसा येत नाही. ताडीला लोक साधी समजतात, पण भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलम असं गुंगीचं औषध मिसळलेलं असतं, आणि ती बंद झाल्यावर येणारा त्रास दारूइतकाच गंभीर असतो. तंबाखूबाबत एवढंच सांगते की ऑपरेशनआधी ती कधीही सोडली तरी फायदाच आहे. मात्र गुटखा, मावा किंवा खर्रा खाऊन तोंड कमी उघडत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण नळी टाकायची सगळी तयारी त्यावर बदलते.

सर्जनना माहिती हवी याला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच तुमच्या भावाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं ठरू शकतं. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आहे. ते रोज आठ-दहा कॅप्सूल घेत असताना पित्ताशयाचं दुखणं दबलेलं राहिलं असेल आणि आता औषध बंद झाल्यामुळे ते उघडं पडलं असेल. किंवा उलट, विड्रॉलमध्येही पोटात पिळवटून दुखतं, उलट्या होतात, जुलाब होतात. तेव्हा आत्ताचं दुखणं पित्ताशयाचं नसेलही. दारू पिणाऱ्याच्या पोटात वर, मध्यभागी दुखत असेल तर स्वादुपिंडाची सूज आहे का हे बघावं लागतं, आणि तशी सूज असेल तर ऑपरेशनचा सगळा बेतच बदलतो. सर्जन आत्ता अर्ध्या माहितीवर निदान करत आहेत.

मग ऑपरेशन कधी? पित्ताशयात नुसते खडे आहेत आणि अधूनमधून कळ येते, एवढंच असेल तर मी स्पष्टपणे पुढे ढकलायला सांगेन. आधी देखरेखीखाली विड्रॉल पार पडू दे, मग खाणंपिणं सुधारू दे, आणि शक्य असेल तर निदान चार आठवडे दारूशिवाय जाऊ देत. रोज पिणाऱ्यांची प्रतिकारशक्ती, रक्त गोठण्याची क्रिया आणि हृदय या सगळ्यांना सावरायला वेळ लागतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी महिनाभर दारू बंद ठेवलेल्यांमध्ये नंतरची गुंतागुंत पीत राहिलेल्यांच्या मानाने बरीच कमी आढळली होती. पित्ताशय सुजलं असेल, ताप असेल, पण पू किंवा सडण्याची चिन्हं नसतील, तर दाखल करून अँटिबायोटिक्स द्यायची, विड्रॉल औषधांनी आटोक्यात आणायचा, आणि त्यातून बाहेर आल्यावर ऑपरेशन करायचं असा मधला मार्ग असतो. पित्ताशय सडत असेल, फुटलं असेल, तर थांबायचं नाही. तेव्हा विड्रॉलचे उपचार आणि ऑपरेशन दोन्ही हातात हात घालून चालवायचे, आयसीयूची खाट राखून. यातली कोणती अवस्था आहे ते सर्जनने तपासून सांगायचं. तुमच्या हातात एक गोष्ट आहे: ऑपरेशन आयसीयू असलेल्या आणि मानसोपचारतज्ज्ञ येऊ शकतील अशा रुग्णालयात करून घेण्याचा आग्रह.

तो शुद्धीवर नीट येईल का, हे तुम्ही विचारलंत. भुलीतून जाग येईल. पण भूल म्हणजे विड्रॉलवर तात्पुरतं घातलेलं पांघरूण असतं. प्रोपोफॉल हे भुलीचं इंजेक्शन आणि भुलीचे वायू मेंदूतल्या त्याच शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतात जिच्यावर दारू करत होती, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना सगळं शांत दिसतं. ती औषधं उतरली की दोन-चार तासांत, कधी रात्री, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दबलेलं सगळं वर येतं. हाडांच्या वॉर्डमध्ये हे नेहमी दिसतं. मांडीचं हाड मोडून आलेला माणूस, ऑपरेशन छान झालेलं, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटतो, प्लास्टरसकट खाली उतरायला बघतो, बायकोला ओळखत नाही. नातेवाईक म्हणतात, भूल मेंदूत गेली. भूल तर केव्हाच उतरलेली असते. आयुष्यात पहिल्यांदाच सलग तीन दिवस दारू मिळालेली नसते, हे खरं कारण. अशा माणसाला नुसतं बांधून ठेवलं तर तो अधिकच बिथरतो. त्याला वेळेवर योग्य औषध, पुरेसा ऑक्सिजन, वेदनेवर उपचार, दिवसा उजेड आणि रात्री शांतता, आणि जवळचं ओळखीचं माणूस लागतं. त्या रात्री तुम्ही किंवा घरातलं कुणी शांत स्वभावाचं माणूस शेजारी राहा, आणि वागण्यातला बदल लगेच सिस्टरना सांगा. प्रत्येक भ्रम विड्रॉलचाच असतो असं नाही. ऑक्सिजन कमी पडणं, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं ही कारणंही तपासावी लागतात.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते गरजेचं आहे. दारूबद्दल निदान कुणाला तरी शंका येते. पंधरा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलमची अर्धी गोळी घेणाऱ्या आजीबद्दल कुणालाच येत नाही. ती गोळी कुणी व्यसन समजत नाही, औषधांच्या यादीत सांगत नाही, दाखल झाल्यावर ती आपोआप बंद होते, आणि दोन-तीन दिवसांनी आजी भ्रमिष्ट होते किंवा तिला आकडी येते. झोपेची, चिंतेची कोणतीही गोळी ऑपरेशनआधी मनाने बंद करू नका. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञाला विचारा. आणि घरातल्या बायकांनाही हे सगळे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. त्यांना आम्ही डॉक्टरसुद्धा फारसे विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता वेदनेचा प्रश्न. घरच्यांच्या मनातली भीती मी समजू शकते: मोठ्या मुश्किलीने सोडलंय, आता इंजेक्शन दिलं की पुन्हा तेच. काही जण डॉक्टरांना सांगतात, त्याला दुखू दे, पण ते औषध देऊ नका. ताई, असं सांगू नका. दुखण्याचा भरपूर उपचार न मिळालेला माणूस वॉर्डमधून पळून जातो किंवा मित्राला फोन करून औषध मागवतो. रुग्णालयात, मोजून, ठरावीक काळासाठी दिलेल्या वेदनाशामकाने व्यसन परत येण्याच्या शक्यतेपेक्षा, तळमळत ठेवल्याने ते परत येण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. शिवाय अफूवर्गीय औषधं दीर्घकाळ घेतलेल्यांची वेदना जाणवण्याची पातळीच बदललेली असते, त्यांना तेवढ्याच जखमेचं जास्त दुखतं. तो नाटक करत नसतो.

चांगली गोष्ट अशी की अफूवर्गीय औषधांवरचा भार कमी करता येतो. दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांजवळ बधिरतेचं औषध, पोटाच्या स्नायूंमधल्या नसांचा ब्लॉक, पॅरासिटामॉल (यकृताचा अंदाज घेऊन मात्रा ठरवावी लागते), मूत्रपिंड ठीक असेल तर सूज कमी करणारी वेदनाशामकं, कमी मात्रेत केटामिन, आणि विड्रॉलची धडधड व वेदना दोन्ही शमवणारं क्लोनिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीन. हे सगळं एकत्र वापरलं तर पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध फार थोडं लागतं. लागलं, तर द्यायचंच.

एक औषध मात्र नावानिशी लक्षात ठेवा: पेंटाझोसिन. आपल्याकडे लहान रुग्णालयांमध्ये दुखण्यासाठी ते सर्रास देतात, बऱ्याचदा प्रोमेथाझिनसोबत. ब्युटोर्फॅनॉल आणि नाल्बुफिन ही त्याच्याच जातीची. ज्याच्या अंगात अजून अफूवर्गीय औषध आहे किंवा जो त्यावर अवलंबून आहे, त्याला ही औषधं दिली तर वेदना कमी होण्याऐवजी विड्रॉल एकदम उसळू शकतो. व्यसन लपवलेलं असलं की हे होतं, आणि मग सगळ्यांना वाटतं की रुग्ण नखरे करतोय.

व्यसनमुक्तीचे उपचार आधीच सुरू असलेल्यांसाठीही लिहिते, कारण या औषधांची नावं लपवली तर घात होतो. अफूवर्गीय व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखालची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनआधी बंद करायची असं पूर्वी सांगितलं जायचं. आता साधारणपणे ती चालूच ठेवतात आणि गरज पडली तर तीच दिवसातून तीन-चार वेळा विभागून वेदनेसाठीही वापरतात. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रातून ती मिळत असेल तर तिथलं कार्ड सोबत न्या आणि केंद्रातल्या डॉक्टरांना तारीख कळवा, म्हणजे दाखल असताना खंड पडणार नाही. नाल्ट्रेक्झोनचं अगदी उलट आहे. ते अंगात असेपर्यंत मॉर्फिनसारखी औषधं काम करत नाहीत, म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी तोंडाने घ्यायची गोळी साधारण तीन दिवस आधी बंद करतात, महिन्याचं इंजेक्शन असेल तर चार आठवड्यांचं अंतर बघतात. आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध. कित्येक घरांत ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जेवणातून चोरून दिलं जातं. भूल देताना त्यामुळे रक्तदाब अनपेक्षितपणे कोसळू शकतो. रुग्णाला कळू द्यायचं नसेल तर निदान भूलतज्ज्ञाला बाजूला घेऊन सांगा. खरं तर त्या माणसाच्या नकळत ते देणं थांबवलंच पाहिजे, त्यावर दारू प्यायला तर जीवही जाऊ शकतो.

भुलीतच व्यसन सोडवून घेण्याची कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नात हा प्रयोग सुरू झाला: माणसाला पूर्ण भूल द्यायची, आणि बेशुद्धीतच अफूवर्गीय औषधं उलटवणारं औषध देऊन विड्रॉल काही तासांत संपवायचा. ऐकायला सुटसुटीत. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी हेरॉइनच्या व्यसनात असलेल्या १०६ जणांवरचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. भूल दिलेल्या गटाला शुद्धीवर आल्यावर इतरांइतकाच त्रास झाला, उपचारात टिकून राहण्याचं प्रमाणही जास्त नव्हतं, आणि गंभीर दुष्परिणाम मात्र याच गटात झाले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका क्लिनिकमध्ये हा उपचार घेतलेल्या ७५ जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला, आणखी पाच जणांना गंभीर त्रास झाला. दारूसाठी तर हा मार्गच नाही. कुणी पॅकेज दाखवून असं आश्वासन देत असेल तर तिथून निघून या.

सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील, पोलिसांत जाईल, विमा मिळणार नाही, ही भीती तुम्ही शेवटी लिहिली आहे. ऑपरेशन नाकारण्याचा प्रश्न नाही, पुढे ढकलतील, आणि ते तुमच्या भावाच्या हिताचं आहे. पोलिसांबद्दल: ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांबाबतच्या, कायद्याखाली आलं आहे, पण उपचारासाठी आलेल्या माणसाच्या सवयी गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि त्याच कायद्यातलं कलम ६४ अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देतं. विम्याचं खरं तेच सांगते. व्यसनाचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात, त्यामुळे विड्रॉलच्या उपचारांच्या खर्चावर कंपनी हरकत घेऊ शकते. पित्ताशयातले खडे ही वेगळी गोष्ट आहे, त्याचा दावा त्याच्या गुणवत्तेवर मांडता येतो. पण डॉक्टरला खोटं लिहायला सांगू नका, आणि दाव्याच्या भीतीने तोंडी माहितीही दाबू नका. नंतर आयसीयूत चार दिवस काढावे लागले तर तो खर्च या हरकतीपेक्षा कितीतरी मोठा असेल.

डिस्चार्जच्या दिवशी कागद हातात घेऊन एकेक औषध विचारा. पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल असलेल्या जोड-गोळ्या आपल्याकडे ऑपरेशननंतर सवयीने लिहिल्या जातात, आणि ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही. त्या असतील तर बदलून मागा. अफूवर्गीय काही देणं भागच असेल तर मोजक्या दिवसांचं, थांबवायची तारीख लिहून, आणि स्ट्रिप तुमच्या ताब्यात. भावालाही शांतपणे सांगा, आणि हे मी प्रत्येक अशा रुग्णाला सांगते: काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते. कधी पाय घसरला आणि त्याने पूर्वीइतक्याच कॅप्सूल, वर दारू घेतली, तर ती मात्रा आता त्याचा श्वास थांबवू शकते. घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे या दृष्टीने सर्वांत धोक्याचे.

म्हणून टाके काढायच्या तारखेसोबतच मानसोपचारतज्ज्ञाची किंवा व्यसनमुक्ती केंद्राची तारीखही घरी जायच्या आधीच घ्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभा अनेक गावांत होतात, जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. जवळचं केंद्र शोधायला केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६. सर्जन काय म्हणाले आणि दाखल केल्यावर कोणत्या तपासण्या झाल्या ते कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.